जावईबापूंनी एसी धुतला

भांडगावच्या माझ्या सासऱ्यांचा एसी बंद पडला नाही. तो मी पाडला.

हे वाक्य मी इतकं सरळ लिहू शकेन असं मलाही वाटलं नव्हतं. मी मुळात बोलणारा माणूस नाही. शिरूरच्या आमच्या गल्लीत एका पाहुण्याने “ते मुके काका कुठं राहतात?” असं विचारलं, आणि लोकांनी त्याला बरोबर आमच्या दारात आणून सोडलं! पण गप्प बसणाऱ्याचा एक तोटा असतो. त्याच्याविषयी लोक जे ठरवतात, ते तसंच राहतं. मी कारेगावच्या बाजूला एका कंपनीत आहे, एवढंच लग्न ठरताना सासुरवाडीला सांगितलं गेलं. तिथे मी खोक्यांवर लेबलं चिकटवायच्या खात्यात आहे, हे सांगायचं राहून गेलं. मग ‘कंपनीत’चं ‘मशिनवर’ झालं, ‘मशिनवर’चं ‘इंजिनियर’ झालं, आणि आमची पोरं कॉलेजात जाईपर्यंत भांडगावात असा समज पक्का झाला की जावईबापूंनी सुट्टी टाकली तर कंपनीचा भोंगा वाजत नाही. मी तो समज कधी पसरवला नाही. (खोडलाही नाही. सगळा घोळ तिथेच आहे.)

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्यांना बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वर काहीतरी चांदीचं द्यायचं. यात जावयाला काम एकच, ते म्हणजे खायचं. मला तेवढंच दिलं होतं. मी दुसरं केलं.

सकाळी मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, गाडीवर मागे बसवून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून भांडगावला पोचलो तेव्हाच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन होतं. दारात मामा उभे होते. मामा म्हणजे माझे सासरे, सोसायटीचे माजी चेअरमन. ते घरात हळू बोलले तरी हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून ओ देतात.

“या जावईबापू! पाणी प्या. बसा. आन् मग त्या एशीकडं जरा बघा.”

मामींना उन्हाचा त्रास होतो म्हणून गेल्या वर्षी मामांनी बैठकीच्या खोलीत एसी बसवला होता. आठ दिवसांपूर्वी त्याची थंडी कमी झाली. तेव्हा दौंडहून एसी दुरुस्त करणारा रशीद आला. हा रशीद दौंडचा जुना रहिवासी, पण त्याचं दुकान नवं. त्याने जोडातली गळती शोधली, ती बंद केली, नवा गॅस भरला आणि जाताना सांगून गेला, “मामा, बाहेरच्या पेटीच्या जाळीत फुफाटा बसलाय. सर्व्हिसिंग करून घ्या. सहाशे रुपये व्हतील.”

“सहाशे!” मामा मला सांगत होते. “पाणी मारायचं सहाशे? आरं, तेवढ्यात म्हशीला शाम्पू लावून निघंल! म्या म्हनलं, जा बाबा तू. आमचं जावई कंपनीतलं हायेत. त्ये करत्याल.”

इथे माझा पहिला ‘नाही’ म्हणायचा मोका होता. मी पाणी प्यायलो.

मामांनी माझ्या हातात एक ब्रश आणि मामींच्या जुन्या लुगड्याचा बोळा दिला. “निसतं पुसून घ्या. तुमच्या हातचा गुण येगळा.” असं म्हणून ते आत गेले.

एसीची बाहेरची पेटी घरामागे गोठ्याच्या कडेला लोखंडी स्टँडवर बसवली होती. शेजारीच माझा मेहुणा संतोष एचटीपीने ट्रॅक्टर धुवत होता. एचटीपी म्हणजे उसा-डाळिंबावर औषध मारायचा मोठा पंप. त्याच्या बंदुकीतून पाण्याचा असा झोत सुटतो की वाळलेला चिखल माफी मागत खाली उतरतो. आमच्याकडे त्याने ट्रॅक्टर, ओटा, म्हैस आणि वेळेला आंघोळ टाळणारी पोरंसुद्धा धुतात. तेवढ्यात मामींनी हाक मारली, “संतू, केळीची पानं आन रं!” तो मशिन चालूच ठेवून गाडीवर बसला. “दाजी, बघा हां जरा,” म्हणून गेला.

मी बोळ्याने चार वेळा पुसलं. फुफाटा जाळीतून निघाला आणि माझ्या नाकात बसला. एकीकडे ब्रश, दुसरीकडे ती बंदूक. लक्ष्मीनारायणातला नारायण मी! त्याने ब्रशने घासत बसायचं?

मी बंदूक उचलली.

खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला आयुष्यात पहिल्यांदा इंजिनियर असल्यासारखं वाटलं. पेटी बाहेरून लख्ख झाली. मग विचार आला, आलोच आहोत तर आतूनही करू. वरचं झाकण स्क्रूवर होतं. ते एका नाण्याने खोललं. मध्ये कंपनीच्या गॅरंटीचं स्टिकर आडवं येत होतं, ते नखाने अलगद सोलून काढलं. (लेबल काढण्यात नि चिकटवण्यात माझा हात धरणारा पुणे जिल्ह्यात नाही.) आणि आत पाणी सोडलं. भरपूर सोडलं. मागच्या बाजूला चांदीसारख्या पातळ पट्ट्यांची दाट जाळी असते, ती झोत लागताच वादळात गहू लोळावा तशी लोळली. मला वाटलं, स्वच्छ झाल्यामुळे सपाट दिसतेय!

झाकण लावलं. बंदूक जागेवर ठेवली. उन्हानेही मला साथ दिली. संतोष पानं घेऊन येईपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत.

“वा दाजी! निसत्या फडक्यानं एवढं चकाचक?” संतोष म्हणाला.

मी हसलो. बोललो नाही. (सवय!)

सगळे बैठकीत जमले. मामांनी स्वतः रिमोट दाबला. बाहेरून ‘खर्र’ असा आवाज आला, मग ‘फट्’, आणि घरातली लाईट गेली. पंखे थांबले. स्वयंपाकघरात मिक्सर थांबला आणि मामी ओरडल्या, “माझं पुरन!” संतोषने मेन स्विच वर केला. ‘फट्!’ पुन्हा केला. पुन्हा ‘फट्!’ तिसऱ्या वेळी मीटरच्या पेटीतून धूर आला आणि मामांचा आवाज हायवे ओलांडून पलीकडे गेला.

“त्या रशीदनं काय भरलं गॅसच्या जागी? बोलव त्याला! आत्ताच्या आत्ता बोलव!”

इथे माझा दुसरा मोका होता. पण मामींनी मला पाटावर बसवलं.

भर दुपारी, पंखा नसलेल्या खोलीत, नव्या टॉवेल-टोपीत, कपाळावर घामाने ओघळणारा टिळा घेऊन मी बसलो. शेजारी काठापदराच्या साडीत मंगल. समोर पाट्यावर वाटलेल्या पुरणाचे धोंडे आणि तूप. मामींना वाटलं, जावयाचा जीव घाबरा होतोय. म्हणून त्या सुपाने मला वारा घालू लागल्या. ज्या बाईला उन्हाचा त्रास होतो, ती बाई! ज्याने तिचा एसी मारला, त्या माणसाला!

“खावा जावईबापू, लाजू नका. त्या मेल्या मेकॅनिकमुळं तुमचे हाल झाले बगा.”

धोंडा गोड असतो असं म्हणतात. तो मला नावासारखा लागला. गिळायला तूप ओतावं लागलं. मी गप्प आहे म्हणून मामींनी आणखी दोन वाढले. आमच्याकडे गप्प माणसाला भुकेला समजतात.

रशीद दौंडहून उन्हातान्हात गाडी हाणत आला आणि फाटकातूनच बोलू लागला. हाही काही गप्प बसणारा नव्हे. “पाल गेली आसंल! मामा, लिहून घ्या, पाल! सीझनला दहा केशी पालीच्या येत्यात. गॅसचं काम माझं गॅरंटीचं हाय, रशीदचा जोड म्हंजी लोखंडाची मिठी!”

त्याने आधी एसीची लाईन वेगळी काढली, फ्यूज घातला. पंखे फिरले, जरा जीव आला. मग घरामागे जाऊन त्याने पेटीचं झाकण उघडलं. आम्ही सगळे गोलाकार उभे. मी टोपी-टिळ्यासह. त्याने आतला सर्किट बोर्डाचा डबा सोडवून तिरका केला, आणि त्यातून अशी धार लागली की गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

रशीद पाल विसरला. “मामा,” तो म्हणाला, “म्या ह्यात गॅस भरला व्हता. हितं इहीर कुनी पाडली?”

“उलटं मलाच इचारतोस?” मामा कडाडले. “आठ दिसामागं तूच हात लावला व्हता!”

“आन् ह्या जाळीच्या पट्ट्या बघा! सगळ्या झोपल्यात! कुनी तरी प्रेशरनं पानी मारलंय.”

“आमच्या जावयांनी फडक्यानं पुसलंय! त्ये कंपनीतलं इंजिनियर हायेत! जावईबापू, तुमीच सांगा, ह्ये पानी कशाचं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हशीनेही. हा तिसरा मोका. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, एकच शब्द निघाला. तो आमच्या गोदामातल्या एका पोस्टरवर लिहिलेला असतो.

“कंडेन्सेशन.”

“आयकलंस!” मामांना अर्थ कळला नव्हता, पण पुरावा मिळाला होता. “कंडेन्सेशन! गॅस भरताना तू कंडेन्सेशन आत ठिवून गेलास!”

“मामा, त्ये गार हवेचं पानी, त्याचं थेंब पडत्यात! बादली न्हाई पडत!”

“मला शिकवू नगंस! आरं, माझ्या शब्दावर भांडगावातल्या घराघरात तुला बोलावत्यात. उद्यापास्नं भांडगावात न्हाई, पाटसपतूर तुला कुनी उंबऱ्यावर उभं करनार न्हाई. आजच सांगतो समद्यांना.” मामांनी खिशातून मोबाईल काढला.

आणि रशीद गप्प झाला. इतका वेळ पाल, मिठी, विहीर करणारा माणूस हातातला डबा उलटासुलटा करत राहिला. “मामा, नवं दुकान हाय,” एवढंच म्हणाला. “ऐन सीझन हाय.”

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या गप्प बसण्यात सोय असते. त्याच्या गप्प बसण्यात दुकान होतं.

“मी धुतला,” मी म्हणालो.

कुणी ऐकलंच नाही. मामा नंबर शोधत होते. मी पुढे झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर ओरडलो, “मामा! एसी मी धुतला! एचटीपीनं! झाकण काढून!”

मामांचे डोळे भरून आले.

“बघा,” ते मामींना म्हणाले, “बघा आपलं जावई! परक्या पोराचं पोट वाचवाय सोताच्या अंगावर घेत्यात. अधिकाचा महिना हाय, नारायनच उभा हाय दारात!”

मामींनी तिथल्या तिथे माझी दृष्ट काढली.

“अहो नाही! खरंच मी—”

“दाजी,” रशीदने छाती काढली, “तुमची दया नगं मला. माझं काम चोख हाय. उपकारावर धंदा न्हाई करत रशीद!”

म्हणजे ज्याला वाचवायचं तोही ऐकेना! मी हातवारे करून सांगू लागलो, बंदूक अशी धरली, नाणं असं फिरवलं, पाणी असं सोडलं. जितकं सांगावं तितकी माझी किंमत वाढत चालली. संतोष तर हळूच म्हणाला, “दाजी, किती बारकाव्यानं रचलंय तुमी!” शेवटी मी ओरडलो, “मी इंजिनियर नाही! मी खोक्यांवर लेबलं चिकटवतो!”

“आन् वर किती नम्रपना,” मामा म्हणाले.

तेवढ्यात मंगल झारा हातात घेऊन मागच्या दारात आली.

“अण्णा, ते खरं बोलतायत.”

“तूबी सामील व्हय?”

“आमच्या घरात बल्ब मी बदलते. गिझर यांनी एकदा बघितला, तेव्हापासून आम्ही बंबावर पाणी तापवतो. आणि मघाशी यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. मी विचारलं तर म्हणाले, घाम आलाय. घाम कधी नुसता गुडघ्याखाली येतो का?”

बायकोची साक्ष! सगळ्यांना एका क्षणात पटलं. मी बेंबीच्या देठापासून सांगितलेलं कुणाला पटलं नव्हतं, आणि ते एका ओल्या पँटीवर पटलं! मामांनी मोबाईल खाली केला. माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“मंगल, मग ह्यो... म्हंजी हे... कंपनीत करत्यात काय?”

“लेबलं लावतात, अण्णा.”

“कशाला?”

“खोक्यांना.”

“आन् भोंगा कोन वाजवतंय मग?”

आधी मामी हसल्या, तोंडावर पदर घेऊन. मग संतोष. मग मामा असे हसले की टोपी पडली. रशीद तर पेटीला धरून खाली बसला. “कंडेन्सेशन!” असं म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. मी एकटा उभा होतो. पण खोटं बोलत नाही, इतक्या वर्षांत त्या अंगणात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मामांनी मग टोपी उचलली, झटकली आणि रशीदच्या पाठीवर हात ठेवला. “चुकलं माझं, पोरा. आत चल. जेवल्याशिवाय जायचं न्हाई.”

“जेवतो की, मामा. पन आधी दाजींना काम देतो.” त्याने पिशवीतून बारीक दातांची एक लोखंडी फणी काढली. “घ्या दाजी. लोळल्याल्या पट्ट्या एकेक करून उभ्या करायच्या. हळू. केसात उवा बघितल्यागत.”

आणि दृश्य असं झालं: रशीद पाटावर, पंख्याखाली, ताटात धोंडे, मामी आग्रह करकरून वाढतायत. आणि साक्षात नारायण टोपी-टिळ्यासकट गोठ्याशेजारी एसीला फणी करतोय! येणारा-जाणारा विचारायचा, “काय चाललंय जावईबापू?” संतोष ओट्यावरून उत्तर द्यायचा, “सर्व्हिसिंग!”

ज्यांच्या घरी एसी आहे त्यांच्या उपयोगाचं म्हणून रशीदने जेवता जेवता सांगितलेलं इथे लिहितो. गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळतीच असते. ती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला दरसाल पैसे द्यावे लागतात. खोलीतल्या पेटीतली जाळी आपली आपण नळाखाली धुवावी, ते फुकट असतं. बाहेरची पेटी ज्याचं काम त्याला धुऊ द्यावी, त्याचे सहाशे. बोर्ड गेला तर आधी दुरुस्त होतो का विचारावं. नवाच घालायचा म्हटलं तर आकडा ऐकून आपणच बसतो. नवा भाग घातला तर जुना हातात मागून घ्यावा. आणि गॅरंटीचं स्टिकर शाबूत असेल तर यातलं बरंच काही कंपनीच्या डोक्यावर जातं.

“तुमचं स्टिकर कुठंय?” त्याने विचारलं.

माझ्या शर्टाच्या खिशात होतं. एक कोपराही फाटला नव्हता. मी ते दाखवलं. रशीदने उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, “एक नंबर काढलंय, दाजी.” त्या दिवसातली ती एकमेव खरी तारीफ.

बोर्ड त्याने दौंडला नेला, सुकवला, जळालेला एक भाग बदलला आणि दुसऱ्या दिवशी आणून बसवला. एसीने गार हवा सोडली. मामी त्याखाली डोळे मिटून बसल्या. बिल झालं अठ्ठावीसशे. फणीची मजुरी त्याने धरली नव्हती. मी पाकीट काढलं, तर मामांनी माझा हात धरला. “अधिकात जावयाचं पैसं घ्यायचं? नरकातबी जागा मिळायची न्हाई!” त्यांनी स्वतः दिले. मंगल म्हणत होती की यंदा आम्हाला चांदीचं ताट द्यायचं ठरलं होतं. निघताना मामींनी ओटीत घातली ती वाटी होती. मी काही विचारलं नाही. सगळंच बोलून दाखवायचं असं थोडंच आहे!

रशीदचं दुकान झकास चाललंय. आता तो मामांच्या घरचाच झालाय. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही भांडगावला गेलो होतो, तेव्हा नेमका मामींचा फ्रिज आवाज करायला लागला. मी खुर्चीतून नुसता उठलो तर संतोषने दार अडवलं. मामांनी रशीदला फोन लावला आणि आता शिकल्यासारखं आधी दर विचारला.

“यायचं काय घेशील?”

फोन स्पीकरवर होता. “तीनशे, मामा. पन एक सांगा, जावई हायेत का घरी?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “हायेत.”

“मग डबल.”

भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी तासभर भांडणारे माझे सासरे “ये” म्हणाले आणि फोन ठेवला. मलाही दर वाजवीच वाटला.